एक्कावन्न किलोंची सकाळ

आमच्या नाताळ अंकाचे संपादक दरवर्षी दोन महिने आधी दुकानात येतात, स्टुलावर बसतात, सरबत पितात आणि म्हणतात, “बस्त्याव, यंदा तुमच्या धंद्यावर लिहाच.” दरवर्षी मी त्यांना काट्यावर उभं करतो. वजन वाढलेलं दिसलं की विषय आपोआप बदलतो. यंदा मात्र ते दीड किलो कमी भरले आणि मी अडकलो.

तेव्हा लिहितो. पण धंद्यात कधी पडलो, हातोडी कधी धरली, कधी खाली ठेवली, यातलं काही लिहिणार नाही. वाचताना मलाच झोप येईल. मी पापडी गावचा, वसईच्या बाजारात वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. माझे वडील पेद्रू तेच करायचे. बस, एवढी ओळख पुरे. मला फक्त एक सकाळ सांगायची आहे. त्या सकाळबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं अर्धं खोटं आहे, आणि ते खोटं मी इतकी वर्षं गुपचूप अंगावर वागवलं आहे.

आधी धंदा समजावतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुना तराजू दोन पारड्यांचा. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला माल. त्यात फसवणूक करायची तर पारड्याखाली मेण चिकटवायचं, नाहीतर वजनं घासायची, आणि मला ते दुरून दिसायचं. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यात दुसरं पारडंच नाही! मालाचा भार खालच्या लोखंडी तुकड्यावर पडतो आणि समोर आकडे लागतात. लोकांना वाटलं, आकडा लाल दिव्यात दिसतोय म्हणजे खराच असणार. मी सांगून थकलो की बाबांनो, त्या दिव्याला काहीच कळत नाही. त्याला कोणीतरी खऱ्या वजनांनी शिकवावं लागतं की हे बघ, हा एक किलो, हे वीस किलो. त्या शिकवणीला आम्ही काटा लावणं म्हणतो. मग वजनमापे खात्याचा इन्स्पेक्टर येतो, तपासतो आणि शिक्का मारतो. त्याला पासिंग म्हणतात.

माझ्या वडिलांची एक रीत होती. बाजारात खोटा काटा सापडला तर ते भांडायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, मालकाचं नावही घ्यायचे नाहीत. पारडं उचलायचे आणि पालथं ठेवून पुढे चालू लागायचे. पालथं पारडं दिसलं की गिऱ्हाईक समजायचं. मालक चार शिव्या घालायचा आणि दुसऱ्या दिवशी काटा घेऊन आमच्या दारात यायचा. मला म्हणायचे, “आपलं काम काटा दाखवण्याचं. माणूस सुधारायचं काम फादरचं.”

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! मासळीबाजारात हिराबाई म्हणून एक होती. तिच्या पापलेटात दर किलोला शंभर ग्रॅमचा खड्डा पडतो अशी तक्रार आली म्हणून मी काटा तपासायला गेलो. काटा एकदम चोख. मी म्हटलं, “हिराबाई, काटा बरोबर आहे, मग वजन जातं कुठे?” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अरे बस्त्याव, म्हावऱ्याचं पानी गळतं! घरी जाईस्तोवर पानी गळलं तं त्यात माझा काय गुन्हा?” त्या दिवसापासून कोणाचंही वजन दोन ठिकाणी वेगळं आलं की मला पहिला संशय पाण्याचा यायचा. हिराबाईनं दिलेल्या या अकलेनंच पुढे माझा घात केला, म्हणून तिला इथे आणली.

आता मंगेश. हा मालवणकडच्या कुटुंबातला, वडील मुंबईला नोकरीला, घर वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत. विशीचा पोरगा, फ्लायवेट गटातला बॉक्सर. फ्लायवेट म्हणजे एक्कावन्न किलोपर्यंतचे. एक्कावन्नच्या वर दाणाभर गेलास की बाहेर. त्यांच्या व्यायामशाळेतला काटा म्हणजे आनंद होता, स्वयंपाकघरात बायका पीठ चाळताना चाळणी हलते तसा तो हलायचा. म्हणून हा पठ्ठ्या रोज सकाळी एव्हरशाईनहून धावत वसईच्या बाजारात यायचा आणि माझ्या दुकानातल्या, बटाट्याची पोती तोलायच्या काट्यावर उभा राहायचा.

“काका, बघा ना.”

“पन्नास आठशे.”

“काल?”

“काल पन्नास नऊशे चाळीस. रात्री काय खाल्लंस?”

“आईनं घावणे केलेले.”

“किती?”

की हा काट्यावरून उडी मारून पसार. आम्हा दोघांना त्याचा नादच लागला. झोपेत तो साडेतीनशे ग्रॅम उतरायचा, कधीच त्याहून जास्त नाही. केस कापून आला तर तीस ग्रॅम. माझ्या वाडीतलं एक केळं एकशे दहा. एकदा तर तो माझ्यासमोर अर्धा लिटर पाणी प्यायला आणि बरोबर अर्धा किलो वाढला, तर आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो, जणू काही शोधच लावला! रेजीन, म्हणजे माझी बायको, म्हणायची, “स्वतःच्या पोरांचं वजन कधी केलं नाही या माणसानं.” खरं आहे.

मंगेश राज्यात जिंकला, मग देशात जिंकला. आणि त्या वर्षी आपल्याच देशात एक मोठी आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरणार होती, पळणं, पोहणं, कुस्ती, बॉक्सिंग, सगळं एकत्र. मंगेश भारताच्या संघात निवडला गेला. सुवर्णपदक मिळालं तर सरकारी नोकरी नक्की, असं त्याला सांगितलेलं. त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती. वडिलांची नोकरी डळमळीत, पाठीवर दोन बहिणी. ही नोकरी म्हणजे त्याच्यासाठी सगळं काही होतं.

आणि बघा योग! बॉक्सिंगच्या वजनाचा अधिकृत काटा ज्या कंपनीनं पुरवला, तिची दुरुस्तीची कामं मीच करायचो. त्यांना तिथे दहा दिवस एक मेकॅनिक हवा होता. मी म्हटलं, “मी जातो.” पगारी-बिनपगारी काही विचारलं नाही. शहराचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत.

तिथली पद्धत अशी. ज्या दिवशी ज्याची झुंज, त्या दिवशी सकाळी सात ते आठ त्याचं वजन. पहिल्या दिवशी चुकलं तर पुन्हा येता येतं, पण त्यानंतर रोज एकदाच काट्यावर चढायचं. आकडा एक्कावन्नच्या वर गेला की खेळ खल्लास, समोरचा न लढता जिंकला. म्हणून सरावासाठी एक वेगळा काटा ठेवलेला असतो. पोरं त्यावर रात्री-पहाटे शंभर वेळा चढतात आणि खात्री झाली की मगच अधिकृत काट्यापाशी येतात.

आमचा अधिकृत काटा देशी. मी तिथे पोचल्या पोचल्या माझ्या पेटीतली शिक्क्याची वजनं लावून तो लावला. स्टीलची वजनं ती, दोन वीसची, एक दहाचं, एक एकचं. नुसत्या हातानं त्यांना मी कधी शिवत नाही, सुती हातमोजे घालूनच उचलतो, कारण घामाचा डागही वजन बिघडवतो. सरावाचा काटा मात्र परदेशातून आलेला, रिंग आणि ग्लोव्हजच्या सामानाबरोबर. काय दिसायला! काच काळी, आकडे निळे. मी हातमोजे चढवून वजनं घेऊन गेलो, तर सामानाचा प्रमुख म्हणाला, “नो नो, टच करू नका. फॅक्टरी सील आहे. युरोपमध्ये सेट करून आलाय.” आणि मी, पेद्रूचा मुलगा, त्या निळ्या आकड्यांना भुलून परत फिरलो. मीही मनात म्हटलं, परदेशी काट्याला हात लावणारा मी कोण? आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

पहिल्याच दिवशी कुरबुर सुरू झाली. दोन-तीन संघांचे कोच हातवारे करत माझ्यापाशी आले. तिकडे कमी, इकडे जास्त! तुमचा देशी काटा जड आहे! मी त्यांच्यादेखत वजनं ठेवून दाखवली. एकवीस ठेवले, एकवीस दिसले. एक्कावन्न ठेवले, एक्कावन्न दिसले. ते खांदे उडवून गेले. तिसऱ्या दिवशी मंगेशही म्हणाला, “काका, तिकडे पन्नास पॉइंट ऐंशी, तुमच्याकडे पन्नास पॉइंट चौऱ्याण्णव. असं कसं?”

मी म्हटलं, “मध्ये पाणी प्यायलास.”

“आईशप्पथ नाही हो!”

“मग गुळणी केलीस, तेव्हा घोटभर गेलं असेल.” आणि मी हसलो. हिराबाई डोक्यात बसलेली ना!

पोरगं तोंड पाडून निघून गेलं. पण झुंजींमध्ये काय खेळला महाराजा! बॉक्सिंगमध्ये तेव्हा पाच पंच कडेला बसायचे, प्रत्येकासमोर दोन बटणं, एक लाल कोपऱ्याचं, एक निळ्या कोपऱ्याचं. ठोसा नीट बसला असं तीन पंचांना एकाच सेकंदात वाटून त्यांनी बटण दाबलं तर एक गुण. म्हणजे ठोसा नुसता लागून चालत नाही, तो दिसावा लागतो. मंगेशचा डावा हात असा सुटायचा की पंचांचे अंगठे आपोआप दाबले जात. तो अंतिम फेरीत पोचला. समोर फिलिपिन्सचा जोएल, तितकाच चपळ. उपांत्य झुंजीत मंगेशच्या उजव्या मुठीचं हाड सुजलं. आईनं बरोबर दिलेलं हळदीचं तेल तो रात्रभर त्यावर चोळत बसलेला. हात पिवळाजर्द.

अंतिम झुंजीच्या दिवशी मी साडेपाचला माझा काटा लावला. एक्कावन्न ठेवले, एक्कावन्न पॉइंट शून्य शून्य. सहाला मंगेश धावत आला. चेहरा पांढरा.

“काका, तिकडे पन्नास शहाण्णव दाखवतोय. जोएल आत्ताच चढला, त्याचं पन्नास अठ्ठ्याण्णव. तो खुशीत झोपायला गेला. पण मी तुमच्याकडे जास्त भरणार. मला माहितीये. तुम्ही पाणी म्हणा नाहीतर काही म्हणा, मी पाणी प्यायलेलो नाही.”

माझ्याच डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला की या पोराचं वजन मला ग्रॅममध्ये ठाऊक आहे आणि मी त्याच्यावर नाही, निळ्या आकड्यांवर विश्वास ठेवतोय. “चल,” म्हटलं. हातमोजे चढवले, वजनं एकेक करून आणि मागून पेटीही सरावाच्या खोलीत नेली. कोणाला विचारलं नाही. खाली दोन वीसची शेजारीशेजारी, त्यावर दहाचं, मधोमध एकचं. मी नेहमी असंच रचतो.

आकडा लागला, पन्नास शहाऐंशी.

एकशे चाळीस ग्रॅम गायब! मी खाली बसलोच. आणि बसल्याबसल्या कारणही कळलं. दोन पारड्यांचा तराजू कुठेही न्या, दोन्ही बाजूंना पृथ्वी सारखीच ओढते, म्हणून तो कुठेही खराच. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र पृथ्वी किती ओढते तेच मोजतो. आणि ती युरोपात जरा जास्त ओढते, आपल्याकडे जरा कमी. म्हणून काटा ज्या गावात वापरायचा त्याच गावात लावावा लागतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण वसईच्या बाजारात त्याची गरज कधी पडलीच नव्हती. काटा कोणीही मुद्दाम बिघडवलेला नव्हता. तो फक्त दुसऱ्या गावचा होता.

“म्हणजे मी?” मंगेशनं विचारलं.

“एक्कावन्न दहा. शंभर ग्रॅम वर.”

त्यानं लगेच अंगात प्लॅस्टिकचा सूट चढवला, दोरी उचलली आणि खोलीच्या कोपऱ्यात उड्या मारायला लागला. सट सट सट सट. मी सामानाच्या प्रमुखाकडे धावलो. तो अजून चहा पीत होता. “फॅक्टरी सील आहे,” पुन्हा तेच. “सातला मुख्य अधिकारी येतील, त्यांना सांगा.” सातला वजनं सुरू होणार, तेव्हा कोण माझं ऐकणार?

परत येतोय तर दारात आपल्या संघाबरोबर आलेले एक साहेब उभे. त्यांना सगळं कळलेलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “दादा, देखो. मंगेश उतर जाएगा, उसको पता है. जोएल को नहीं पता. वो पौने आठ को आएगा, सीधा काटे पे चढ़ेगा, एक बार का मौका है. समझे? सोना अपनी जेब में. आप बस अपना सामान उठाओ.”

आता खरं सांगतो. मला मोह झाला, आणि चांगलाच झाला. माझ्या डोळ्यांसमोर मंगेशची नोकरी आली, त्याच्या बहिणी आल्या. जोएल माझा कोण लागतो? आणि मी कुठे खोटं करतोय? नुसती माझी वजनं माझ्या पेटीत ठेवायची. चोरी नाही, लबाडी नाही. दहा सेकंद मी त्या वजनांपुढे हात पुढे करून उभा होतो. हातमोजे घातलेलेच होते.

मग वडिलांचं पालथं पारडं आठवलं. या काट्याला पालथं घालायला पारडंच नव्हतं. मी वजनं तशीच राहू दिली. वर एक्कावन्न किलोंचे शिक्के, खाली निळा आकडा पन्नास शहाऐंशी. ज्याला डोळे आहेत त्याला कळेल. साहेबांना म्हटलं, “मला सातच्या आधी माझ्या काट्यावर पोचायला हवं,” आणि निघालो. जाताना मंगेशकडे पाहायची हिंमत झाली नाही. मागे दोरी सटसटत होती.

सात ते आठ मला जागेवरून हलता येत नाही, तसा नियमच. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक बोळ. मला तिकडचं काही दिसेना. एकेक जण येतोय, कपडे काढतोय, चढतोय, उतरतोय, आणि माझे कान सगळे बोळाकडे. सात पंचवीसला मंगेश आला. नुसत्या चड्डीवर, घामानं निथळलेला, धापा टाकत. टॉवेलनं अंग पुसलं. चढला. आकडा थरथरला आणि थांबला, पन्नास अठ्ठ्याण्णव. अधिकाऱ्यानं मान हलवली. मंगेश माझ्याकडे बघून असा हसला की मला वाटलं, साहेबांनी वजनं उचलली असणार, जोएल गेला. खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

सात पस्तीस. बोळात एकदम आरडाओरड! फिलिपिन्सच्या म्हाताऱ्या कोचचा आवाज, पावलांची धडधड, आणि मग पुन्हा दोरी, पण ही दुसऱ्याची, आणखी वेगानं. सट सट सट सट सट! कळलं त्यांना! माझ्या अंगावर काटा उभा राहिला. घड्याळात सात चाळीस. सात पंचेचाळीस. सात पन्नास. मी उभ्या जागी मनात म्हणत होतो, लवकर ये रे बाबा, लवकर ये. मघाशी दहा सेकंद मोहात पडलेला हाच तो बस्त्याव!

सात सत्तावन्नला जोएल आला. डोळे खोल गेलेले. म्हातारा कोच मागून कात्रीनं त्याच्या मानेवरचे केस कापतोय, चालता चालता! एक बट जमिनीवर पडली. जोएलनं तोंडातली सुपारीएवढी थुंकी बाटलीत टाकली, गळ्यातली क्रूसाची माळ काढून कोचच्या हातात दिली, स्वतःवर क्रुसाची खूण केली आणि चढला. एक्कावन्न शून्य दोन… एक्कावन्न… शून्य दोन… एक्कावन्न शून्य शून्य. थांबला! अधिकाऱ्यानं मान हलवली आणि तो म्हातारा खाली बसून हमसून रडायला लागला.

आठ वाजता मी सरावाच्या खोलीत गेलो, माझी वजनं आवरायला. ती काट्यावरच होती. पण माझ्या रचनेत नव्हती. दहाचं खाली, एक वीसचं त्यावर तिरपं, एकचं कडेला. माझी पेटी मी टेबलाखाली ठेवली होती, ती आता साहेबांच्या खुर्चीमागे, झाकण उघडं. म्हणजे कोणीतरी वजनं उचलून पेटीत भरली होती. आणि कोणीतरी ती पुन्हा बाहेर काढून काट्यावर चढवली होती. काट्याचा आकडाही आता मुद्दाम दाराकडे वळवलेला होता. मी वाकून पाहिलं. चारही वजनांवर नुसत्या हाताचे ओले ठसे. घामाचे. आणि पिवळे.

हळद.

मी एकचं वजन उचललं आणि मंगेशला शोधत गेलो. तो भिंतीला टेकून संत्र्याची फोड चोखत बसला होता. मी नुसतं वजन त्याच्यापुढे धरलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

“काका, बोलू नका हं कोणाला. साहेब करिअर संपवतील माझं.”

“कधी केलंस हे?”

“तुम्ही गेलात तसं त्यांनी उचलून ठेवली. मग ते फोन करायला बाहेर गेले. मी दोरी टाकली आणि परत चढवली. च्यायला, जड आहेत हो! माझ्याएवढीच. शेवटचे वीस ग्रॅम तिथेच गेले माझे.”

“अरे, सोनं होतं ना हातात! नोकरी होती!”

तो चिडला. खरंच चिडला. “मी दोन वर्षं त्याच्यासाठी घावणे सोडले का काका? तो काट्यावर हरावा म्हणून? मला त्याला मारायचंय!”

“नाही सांगणार कोणाला,” म्हटलं. मी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि वळलो, कारण माझे डोळे भरले होते.

संध्याकाळची झुंज मी अजून झोपेत पाहतो. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या. सगळं स्टेडियम मंगेशच्या नावानं गरजत होतं. पहिल्या फेरीत जोएल पुढे, पाच-तीन. दुसरीत मंगेशचा डावा सुटला, एक, दोन, पुन्हा एक, बोर्डावर सात-सात! तिसरीत दोघंही मागे हटेनात, रिंगच्या मधोमध कपाळाला कपाळ लावून ठोसे. अकरा-अकरा. चौथीत मंगेशनं सुजलेला उजवा टाकला. दिसलं मला, टाकताना त्याचं तोंड वेदनेनं वाकडं झालं, पण बसला! चौदा-तेरा, मंगेश पुढे! मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो, माझा आवाज मला ऐकू येत नव्हता. वीस सेकंद उरलेले. जोएल आत घुसला, एक. चौदा-चौदा. पाच सेकंद. मंगेशनं उजवा पुन्हा उचलला आणि तो अर्ध्यावरच थांबला, हात पुढे जाईचना. तेवढ्यात जोएलचा डावा आला. घंटा.

पंधरा-चौदा. एका गुणानं गेलं.

मंगेशनं जोएलला उचलून चारी दिशांना दाखवलं. रौप्यपदक गळ्यात घालताना तो रडत होता, आणि मीही.

वसईत त्याचं स्वागत जंगी झालं. उघडी जीप, बँड, एव्हरशाईनच्या गच्च्यांवरून फुलं. पण नोकरी आली नाही. साहेबांनी मात्र एवढं पसरवलं की तुमच्याच गावच्या काटेवाल्यानं वजनं उघडी ठेवली म्हणून सोनं गेलं. बाजारात काही जण माझ्याशी बोलेनात. हिराबाई भर बाजारात म्हणाली, “बस्त्याव, तुला गप बसाया काय झालं होतं?” ते सोसलं मी. जे सोसलं नाही ते पुढचंच. आमच्या फादरनी रविवारच्या प्रवचनात माझं उदाहरण दिलं! आपल्यातल्या एका साध्या माणसानं सत्याची बाजू सोडली नाही, वगैरे. सगळं चर्च वळून माझ्याकडे बघतंय आणि मी बाकावर मान खाली घालून बसलोय. लोक म्हणाले, किती नम्र! अरे कसली नम्रता? मी वजनं ठेवून पळालो होतो. ती पेटीत गेली असती तर माझ्या सत्याची बाजू पेटीतच राहिली असती. पण पोराला शब्द दिलेला, बोलणार कसा?

गेल्या महिन्यात मंगेश दुकानात आला. आता त्याचं पोट सुटलंय. एव्हरशाईनमध्ये त्याचा बॉक्सिंगचा क्लास चांगला चालतो, क्लासचा काटा लावून हवा होता. मी म्हटलं, “अंकात लिहायला सांगतायत. ते लिहू का?” तो म्हणाला, “लिहा की. साहेब रिटायर झाले.” मग बटाट्याच्या काट्यावर चढला. बहात्तर किलो. म्हणाला, “हे नका लिहू.” मी लिहिलं.

त्या एक किलोच्या वजनावरचा हळदीचा अंगठा मी कधी पुसला नाही. पुढच्या तपासणीला इन्स्पेक्टर म्हणाले, “डाग आहे, पुसून आणा, पास करतो.” मी म्हटलं, “नको साहेब, नामंजूर करा.” त्यांनी केलं. आता ते आमच्या घरातल्या आल्तारावर, मारियामातेच्या पायाशी असतं. रेजीन दर शनिवारी आल्तार पुसते आणि त्या वजनापाशी आली की हात थांबवून विचारते, “नामंजूर वजन देवापाशी कशाला?”

मी म्हणतो, राहू दे. ते किलोला काकणभर जास्तच भरतं.